दुसऱ्याच्या पानावर आपली ओळ

माझी भाची धुळ्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मी जळगावात शाळेच्या मुलांना संगणक शिकवतो. प्रोग्रामिंगची खरी सुरुवात कुठून करावी, यावर आमचं पटत नाही. माझं म्हणणं, ज्याला थोडं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येतं त्यानं स्वतःची पहिली वस्तू म्हणून ब्राउझरचं एक्स्टेन्शन लिहावं. तिला हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. दिवाळीच्या सुट्टीत हा वाद पुन्हा निघाला आणि या वेळी नुसत्या बोलण्यावर थांबला नाही. तिची बाजू माझ्या बाजूइतकीच वजनदार आहे, म्हणून बोलणं जसं झालं तसंच मांडतो.

ती : मामा, आमच्याकडे कॅम्पसला कंपनी आली की आधी ॲप्टिट्यूड घेते, मग डेटा स्ट्रक्चर्स विचारते. मुलाखतीत एक्स्टेन्शनबद्दल विचारलं असं मी एकाही सीनियरकडून ऐकलं नाही. सगळे सांगतात, रिॲक्ट शिका, एखादं ॲप करा, गिटहबवर टाका. त्यात हे कुठं बसतं?

मी : रिॲक्ट शिकून आतापर्यंत काय केलंस?

ती : टू-डू लिस्ट. आणि हवामानाचं एक ॲप.

मी : ती टू-डू लिस्ट रोज वापरतेस?

ती : नाही. ती शिकण्यापुरती असते, वापरायची नसते.

मी : माझी तक्रार नेमकी तिथं आहे. रिकाम्या पानापासून सुरुवात केली की आधी काय करायचं तेच सुचावं लागतं. सुचलं तर सर्व्हर, लॉगिन, डेटाबेस, होस्टिंग अशी रांग लागते, आणि एवढं करून वापरणारं कुणी नसतं. एक्स्टेन्शनमध्ये पान आधीच तयार असतं. बातमीचं असेल, निकालाचं असेल, बाजारभावाचं असेल. ते तुझ्या ब्राउझरमध्ये उतरलं की त्यात तुला जे खुपतं तेवढंच बदलायचं. मूळ पान त्यांच्या सर्व्हरवर जसंच्या तसं राहतं, बदल फक्त तुझ्या पडद्यावर होतो. पहिल्याच दिवशी उपयोगाची वस्तू हातात येते.

ती : उपयोगाची म्हणजे कुणाच्या? एक खरं उदाहरण द्या. जाहिराती बंद करणारं सोडून.

मी : तुझ्या जन्माच्या आसपासचं देतो. तेव्हा बऱ्याच मराठी दैनिकांच्या वेबसाइट युनिकोडमध्ये नव्हत्या. ज्याचा त्याचा फॉन्ट. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली. फॉन्ट नसला की पानभर निरर्थक खुणा. शोधून काही सापडायचं नाही, कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की कचरा. त्या काळात फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेन्शन होतं. तेलुगू, तमिळ, देवनागरी अशा लिप्यांमधला या जुन्या फॉन्टांचा मजकूर ते तुमच्या डोळ्यांसमोर युनिकोडमध्ये बदलून द्यायचं. कुठल्याही वर्तमानपत्राची मनधरणी करावी लागली नाही, त्यांची साइट बदलायची वाट पाहावी लागली नाही. वाचणाऱ्याच्या बाजूला बसलेल्या एका प्रोग्रामनं तो प्रश्न सोडवला.

ती : आणि आज कुठं आहे ते?

मी : त्या रूपात आता चालणार नाही.

ती : का नाही चालणार, तेही सांगा ना. २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स एका आवृत्तीत बंद पडली. नंतर क्रोमनं २०२१ मध्ये एक्स्टेन्शन्सचे नवे नियम, मॅनिफेस्ट व्ही-थ्री, आणले आणि २०२४-२५ मध्ये जुनं व्ही-टू काढून टाकलं. यूब्लॉक ओरिजिनसारखं, जाहिराती अडवायला लाखो लोक रोज वापरतात ते एक्स्टेन्शनसुद्धा क्रोममध्ये राहू शकलं नाही. ते लिहिणाऱ्या रेमंड हिलला त्याची वेगळी, कमी ताकदीची ‘लाइट’ आवृत्ती काढावी लागली. मी हे वाचलंय मामा. तुम्ही मला भाड्याच्या जागेत घर बांधायला सांगताय. मालक उद्या म्हणेल, भिंत इथून हलवा.

हा मुद्दा मी हलका घेत नाही. वेबसाइट लिहिणाऱ्याला वीस वर्षांपूर्वीचं एचटीएमएल आजही चालतं हा दिलासा असतो. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याला तो नसतो. नियम दोन-तीन मोठ्या कंपन्या ठरवतात आणि त्या बदलतात तेव्हा आपल्याला विचारत नाहीत. तरी मला वाटतं, हा धोका मोठ्या, धंद्याच्या एक्स्टेन्शनला जास्त आहे. दोनशे ओळींचं काम नव्या नियमात बसवायला एखादी संध्याकाळ पुरते. शिवाय ‘पद्मा’ची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. वर्तमानपत्रं युनिकोडवर आली आणि त्याची गरजच उरली नाही. गरज होती तोवर ते उपयोगी पडलं, आणि एखाद्या साधनानं तेवढं केलं तर मला पुरे वाटतं.

तिनं मग मोबाइलचा मुद्दा काढला. मला वाटतं हा तिचा सगळ्यात जड मुद्दा होता.

ती : गावात कॉम्प्युटर आहे कुणाकडे? माझ्या वर्गात निम्म्या मुलींकडे लॅपटॉप नाही. सगळं मोबाइलवर. आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमला एक्स्टेन्शन्स बसत नाहीत.

मी : फायरफॉक्सला बसतात. डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये ती सगळ्यांसाठी खुली आहेत.

ती : आपल्या घरात फायरफॉक्स कुणाच्या मोबाइलमध्ये आहे, सांगा बरं.

मी : कुणाच्याच नाही. पण डेस्कटॉप कुठं आहेत ते बघ. शाळेची लॅब, कॉलेजची लायब्ररी, सेवा केंद्र, पतपेढी, डीटीपीवाला, वर्तमानपत्राचं कार्यालय, वकिलाचं ऑफिस. तिथं एकच माणूस तीच पानं दिवसभर उघडतो. मोबाइलवाला पान सरकवून पुढं जातो. डेस्कटॉपवाल्याचा एक क्लिक वाचला तरी दिवसाला शंभर वाचतात.

ती : मग सुचवा, काय करू?

मी केळीच्या भावाचं सुचवलं. आमच्या जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीच्या भावावर सगळ्यांचं लक्ष असतं. वेगवेगळ्या बाजारांचे आकडे एका ठिकाणी दिसतील आणि फक्त आपल्या तालुक्याची ओळ ठळक होईल, असं काही करता येईल असं मला वाटत होतं. तिनं एका वाक्यात ते मोडीत काढलं: केळीचा भाव आता व्हॉट्सॲपवर येतो, त्यासाठी ब्राउझर कुणी उघडत नाही. खरं होतं. सुचवलेलं काम दुसऱ्याचं असतं, म्हणून मी तो नाद सोडला आणि तिलाच विचारलं, ब्राउझर उघडल्यावर तुला स्वतःला काय खुपतं?

ती : हसू नका. अहिराणी गाणी बघते ना मी, त्यांच्याखालच्या कमेंट मला अर्ध्याच कळतात. फेसबुकवर लोक अहिराणीत लांब लांब लिहितात, तेही अडखळत वाचते. आजी अहिराणीत बोलायची, आई-बाबा माझ्याशी मराठीत बोलले. ऐकून कळतं, पण सगळं नाही. एखाद्या शब्दावर माउस नेला आणि मराठी अर्थ दिसला तर?

२०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली मोजलेले १८ लाख ६० हजार लोक होते, आणि अहिराणी तिच्यातलीच. एवढ्या लोकांच्या भाषेला ब्राउझरमध्ये शब्दार्थाची साधी सोय असावी, हे मला कधी सुचलं नव्हतं. तिला सुचलं, कारण अडत तिचं होतं. त्या क्षणी आमचा वाद संपला नाही, पण त्याची जात बदलली. करायचं की नाही हा प्रश्न मागं पडला आणि कसं करायचं यावर भांडण सुरू झालं.

सुरुवात किती साधी आहे ते इथं सांगतो, कारण पुष्कळ मुलं याच उंबरठ्यावर घाबरतात. एक फोल्डर करायचं. त्यात ‘मॅनिफेस्ट डॉट जेसन’ नावाची फाइल. तिच्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: मॅनिफेस्टची आवृत्ती, म्हणजे आज ३, एक्स्टेन्शनचं नाव, आणि त्याची स्वतःची आवृत्ती. एवढ्यावर ब्राउझर त्याला एक्स्टेन्शन म्हणून स्वीकारतो. क्रोममध्ये एक्स्टेन्शन्सच्या पानावर जाऊन ‘डेव्हलपर मोड’ चालू करायचा आणि ‘लोड अनपॅक्ड’ दाबून ते फोल्डर दाखवायचं. फायरफॉक्समध्ये ॲड्रेसबारमध्ये ‘अबाउट डीबगिंग’चं पान उघडून तात्पुरतं ॲड-ऑन म्हणून चढवायचं, ब्राउझर बंद केला की ते निघून जातं. विकत काही घ्यावं लागत नाही, सर्व्हर लागत नाही, नेट बंद असलं तरी काम चालतं.

माझ्या शाळेतली मुलं दोनच ठिकाणी हमखास अडतात. नोटपॅडमध्ये फाइल जतन केली की विंडोज मागं गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडतं, आणि नावाचं शेपूट लपवलेलं असल्यानं ते दिसत नाही. ब्राउझर म्हणतो फाइल सापडली नाही, मुलगा म्हणतो ही काय समोर आहे. दुसरं, वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हं किंवा शेवटच्या ओळीनंतर राहिलेला स्वल्पविराम. जेसनला दोन्ही चालत नाहीत. भाची यातल्या कशातही अडली नाही. ती पुढं अडली, आणि तिथं जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं.

ती : सोपं आहे हे. पानाचा सगळा एचटीएमएल घ्यायचा, त्यात शब्द शोधायचा, त्याच्याभोवती स्पॅन टाकायचा, टायटलमध्ये अर्थ लिहायचा आणि सगळं परत पानात भरायचं. एका ओळीचं काम.

मी : करून बघ.

तिनं केलं. शब्द रंगले, अर्थ दिसू लागला, आणि पानावरची बटणं मेली. सगळा मजकूर काढून नव्यानं भरला की पानाच्या मूळ प्रोग्रामनं ज्या बटणांना कान लावले होते ती बटणं पुसली जातात. नव्यानं आलेली दिसतात तशीच, पण त्यांच्यामागं कुणी नसतं. शिवाय लिंकच्या पत्त्यात तो शब्द आला तर लिंकही मोडते. मग ती ‘ट्रीवॉकर’कडे वळली. पानातल्या फक्त मजकुराच्या गाठी एकेक करून चालत जायच्या. लिहिण्याच्या चौकटी, स्क्रिप्ट, स्टाइल सोडून द्यायचं. आणि शब्द जिथं आहे तेवढाच तुकडा बदलायचा. ती म्हणाली, डॉम, म्हणजे पानाची आतली रचना, हे झाड असतं हे तीन वेळा परीक्षेत लिहिलंय, पण फांद्या आज पाहिल्या.

मी : डेटा स्ट्रक्चर्सच आहेत की या.

ती : ट्री ट्रॅव्हर्सल. हो. कळलं तुमचं. पण पुढचं बघा, ‘शे’ला काय झालंय.

‘शे’ म्हणजे अहिराणीत ‘आहे’. तिच्या यादीतला पहिला शब्द. तिनं तो शोधायला सांगितला आणि पानावरचं ‘शेत’ रंगलं, ‘शेवभाजी’ रंगली, ‘दोनशे’ रंगलं. तिनं पुस्तकातला उपाय केला: रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दाची सीमा दाखवणारी खूण लावली. आता काहीच रंगेना, अगदी सुटं ‘शे’सुद्धा नाही. जावास्क्रिप्टच्या त्या खुणेला शब्द म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढंच ठाऊक आहे. देवनागरी अक्षर तिच्या हिशेबी अक्षरच नाही, त्यामुळे त्याच्या कडेला तिला सीमा दिसत नाही. इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या मुलाला ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला ती कधी आडवी आली नाही.

तिनं मग शब्दाच्या आधी आणि नंतर युनिकोडच्या हिशेबानं अक्षर किंवा मात्रा नसावी अशी अट घातली. २०१८ पासून जावास्क्रिप्टमध्ये ही सोय आहे. अटीत मात्रा विसरली तर ‘तठे’ म्हणजे ‘तिथे’ यासारख्या शब्दांचे तुकडे भलतीकडे जुळतात, हे तिला दुसऱ्या फेरीत कळलं. तिसऱ्या फेरीत ‘ऱ्हास’सारख्या शब्दांनी अडवलं. हा अर्धा र काही जण एका पद्धतीनं टंकतात, काही जण साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन लावूनही हे दोन एक होत नाहीत; ते हातानं जुळवावे लागले. ‘इंटल सेगमेंटर’ हा शब्द तोडून देणारा तयार मार्गही ब्राउझरमध्ये आहे, क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२४ पासून. तिनं तोही लावून पाहिला आणि शेवटी तोच ठेवला.

ती : मामा, एक गोष्ट राहिली. ‘मना’.

मी : काय झालं त्याला?

ती : अहिराणीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’. मी रामदासांवरचा एक मराठी लेख उघडला होता. त्यात जिथं जिथं ‘मना’ आलंय तिथं माझं एक्स्टेन्शन सांगतंय, अर्थ : माझा. हे कुठल्याही रेग्युलर एक्स्प्रेशननं सुटणार नाही.

मी : पानाची भाषा बघ ना. एचटीएमएलमध्ये भाषा लिहिलेली असते.

ती : मराठीचा कोड असतो. अहिराणीला तीन अक्षरी कोड आहे, पण तो लावलेलं पान मला एकही सापडलं नाही. आणि एकाच पानावर बातमी मराठीत, कमेंट अहिराणीत. त्यातही निम्म्या कमेंट इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या, त्या तर मी धरल्याच नाहीत.

इथं आमचं दुसरं भांडण आलं, आणि त्यात मी हरलो असं म्हणायला मला आनंद आहे. माझं मत होतं, एक्स्टेन्शन सगळ्या पानांवर आपोआप चालावं. माणसानं काही न करता अर्थ दिसावा, यातच सोय आहे. त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये सगळ्या वेबसाइटची परवानगी मागावी लागते.

ती : मग इन्स्टॉल करताना ब्राउझर काय दाखवतो माहितीये? ‘सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणं आणि बदलणं.’ आजोबा पेन्शनचं पान उघडतील, बाबा बँकेचं उघडतील, आणि माझं एक्स्टेन्शन तिथं हजर असेल. कशाला? ‘शे’ म्हणजे ‘आहे’ सांगायला?

मी : पण तू कुठं काही चोरणार आहेस?

ती : मी नाही चोरणार. ‘द ग्रेट सस्पेंडर’ लिहिणाऱ्यानंही चोरलं नव्हतं. चांगलं एक्स्टेन्शन होतं, उघडे टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, वीस लाखांवर लोक वापरायचे. २०२० मध्ये त्यानं ते दुसऱ्याला देऊन टाकलं. नव्या मालकाच्या हातात ते कसं बदललं ते लोकांना कळलंही नाही, कारण अपडेट आपोआप येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते मालवेअर म्हणून बंद केलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एक्स्टेन्शनमध्ये घातक कोड गेला, तिच्या एका कर्मचाऱ्याला फसव्या मेलनं गाठून. मी परीक्षेच्या गडबडीत असा मेल उघडणार नाही, याची खात्री तुम्ही देता का?

मी : मग तुझा उपाय?

ती : ‘ॲक्टिव्ह टॅब’. कुठल्याच साइटची कायमची परवानगी मागायची नाही. वाचणाऱ्यानं बटण दाबलं की त्या वेळी समोर असलेल्या टॅबपुरती परवानगी मिळते, पान सोडून दुसऱ्या साइटवर गेलं की संपते. इन्स्टॉल करताना ती भीतिदायक ओळही येत नाही. आणि ‘मना’चा प्रश्नसुद्धा सुटतो की. बटण दाबणारा माणूसच मला सांगतोय, हे अहिराणी आहे, याचा अर्थ दे. रामदासांच्या लेखावर तो दाबणारच नाही.

परवानगी कमी केली म्हणून सोय कमी होते असं मी धरून चाललो होतो. इथं परवानगी कमी केल्यानं साधन जास्त अचूक झालं. एक्स्टेन्शन शिकवणाऱ्यानं कोडच्या आधी हेच शिकवावं, असं मला आता ठामपणे वाटतं. मॅनिफेस्टमधली परवानग्यांची यादी ही औपचारिक ओळ नाही. आपण कुणाच्या घरात किती आत जाणार आहोत, ते तिथं लिहिलेलं असतं. शेजारच्या काकूंच्या कॉम्प्युटरवर आपण काहीतरी बसवून देतो तेव्हा त्या यादी वाचत नाहीत. त्या आपल्याकडे बघून ‘हो’ म्हणतात.

बाकीची जुळणी पटकन झाली. बटण दाबल्याचा निरोप पार्श्वभूमीतल्या सर्व्हिस वर्करला जातो आणि तो पानात स्क्रिप्ट सोडतो. यात नवख्याला चकवणारी एक गोष्ट आहे: मॅनिफेस्टमध्ये बटणाला पॉपअप जोडून ठेवला असेल, तर दाबल्याचा तो निरोप येतच नाही. दुसरी गोष्ट, सर्व्हिस वर्कर तीस सेकंद काम नसलं की झोपतो, आणि त्याच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं जातं. लक्षात ठेवायचं ते ब्राउझरच्या स्टोरेजमध्ये ठेवावं. फायरफॉक्सला सर्व्हिस वर्करऐवजी साधी पार्श्वभूमी स्क्रिप्ट लागते, म्हणून मॅनिफेस्टमध्ये दोन्ही लिहिलं. बटणावरची नावं मराठी भाषेच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. क्रोमच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, अहिराणी नाही.

शब्दांच्या यादीवरून मात्र पुन्हा जुंपली.

मी : डॉ. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी शब्दकोश आहे. त्यातून घेऊ.

ती : त्यांची कित्येक वर्षांची मेहनत आपण जेसनमध्ये ओतायची आणि लोकांना वाटायची? शब्द कुणाच्या मालकीचे नसतील, पण त्यांनी केलेलं संकलन त्यांचं आहे. विचारायचं असेल तर रीतसर विचारू. तोपर्यंत मी स्वतः जमवलेले शब्द घालणार. धुळ्यात राहून हे नाही करायचं तर कुठं करायचं? राजवाडे दारोदार फिरून कागद गोळा करत होते, आणि शेवटी आमच्याच गावात होते ना?

होते. ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं राहिलं. ते नाव तिनं काढल्यावर मला बोलायला जागा उरली नाही. तिनं ‘आंडेर’, ‘आठे’, ‘तठे’, ‘माले’, ‘तुले’ इथून सुरुवात केली आणि प्रत्येक शब्दापुढं तो कुणाच्या तोंडून, कुठल्या गावी ऐकला तेही लिहायला लागली. अहिराणी गावागणिक बदलते; शिरपूरची, अमळनेरची आणि चाळीसगावची एकच नाही. यादीत ते दिसलं पाहिजे, असा तिचा आग्रह आहे आणि मला तो मान्य आहे.

प्रसिद्ध करण्यावर आमचं अजून जमलेलं नाही. माझं म्हणणं, आता बाहेर काढावं. मोझिला पैसे घेत नाही आणि स्टोअरमध्ये न दाखवता नुसती त्यांची सही घेऊन आपल्या ओळखीच्यांना फाइल देताही येते. क्रोमच्या स्टोअरसाठी एकदाच पाच डॉलर भरावे लागतात.

ती : पाच डॉलरचा प्रश्न नाही. एकदा टाकलं की लोकांचे मेल येणार, हा शब्द चुकला, तो राहिला. सातव्या-आठव्या सेमिस्टरला मी ते बघणार का? बघणार नसेन तर टाकू नये. आणि मामा, यातून नोकरी लागेल असं मी अजूनही म्हणत नाही.

मी : ग्रीसमंकी नावाचं एक्स्टेन्शन ॲरन बूडमननं लिहिलं होतं, कुठल्याही पानावर आपली स्क्रिप्ट चालवायची सोय देणारं. पुढं गूगलमध्ये क्रोमच्या एक्स्टेन्शन यंत्रणेवर काम करणाऱ्यांत तोच होता.

ती : एक बूडमन. माझ्या वर्गात साठ जण आहेत.

मी : बरं. मुलाखतीत विचारलं, ट्री ट्रॅव्हर्सल कुठं वापरलंस, तर काय सांगशील?

ती : ते सांगेन. टू-डू लिस्टपेक्षा बरं सांगता येईल, एवढं कबूल.

आमचं ठरलं ते इतकंच. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत एक्स्टेन्शन घरातल्या आणि तिच्या हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवरच राहील, आवृत्ती ०.१ म्हणून. इंग्रजी अक्षरांतल्या अहिराणीचं काय करायचं ते ती पाहील. कोड मी शाळेत आठवीच्या मुलांना दाखवणार, पण शब्दांची फाइल काढून. त्यांनी आपापल्या घरचे शब्द घालायचे. तिनं वर्णनाची ओळ आत्ताच लिहून ठेवली आहे आणि ती बदलायची नाही अशी मला ताकीद आहे: ‘तुम्ही बटण दाबाल तेव्हाच हे समोरच्या पानातला मजकूर वाचतं. वाचलेलं काहीही साठवत नाही, कुठंही पाठवत नाही.’